फवारणीनंतरचा ‘दमा’

कीटकनाशकांवर लिहिताना आम्ही मंडळी फवारणीपाशीच थांबतो. पुढचे घरच्यांना निस्तरावे लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. उरणच्या भातखाचरांत औषध मारणाऱ्यालाही हा धोका आहेच.

विषाने श्वास मंदावला की श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देतात. नळीने जीव वाचतो, तिला भिऊ नका. मात्र तिच्या टोकाशी फुगा असतो. तो फार घट्ट बसला किंवा नळी बरेच दिवस राहिली, तर आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटून जखम होते. जखम भरताना व्रण आकसतो आणि वाट अरुंद होते.

हे कळते घरी आल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. भारा उचलताना धाप लागते, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो. घरचे म्हणतात, दमा. पण दम्याच्या औषधाने उतार पडत नाही. अशा वेळी नळी किती दिवस होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दवाखान्यातून सोडतानाचा कागद दाखवा. कान-नाक-घशाचे तज्ज्ञ दुर्बिणीने तपासतात. अरुंद भाग रुंद करता येतो, नाहीतर तेवढाच कापून टोके जोडतात. बसल्या जागी धाप लागू लागली, तर मात्र सकाळ व्हायची वाट पाहू नका.