पीओचं मागचं पान

सकाळी ७.०० : आज शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांची कार्यशाळा. त्यांनी पाठवलेल्या परचेस ऑर्डरी (पीओ) चहासोबत वाचून काढते. पुढच्या पानावरचा दर, वजन, तारीख मालकांना तोंडपाठ असते. मागचं पान कुणी उलटत नाही. तिथं बारीक टाइपात एक ओळ असते : वाद झाल्यास लवाद आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील. ज्याचा निकालात स्वार्थ आहे, त्यानं एकट्यानं लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्येच सांगितलं. तरी ओळ छापली जातेच.

९.३० : हॉलमध्ये पहिलाच प्रश्न, "मॅडम, केस न घालता पैसे सुटतात काय?" मी फळ्यावर तीन रकाने आखते : वाटाघाट, मध्यस्थी, लवाद. पहिल्या दोहोंत निर्णय तुमच्या हातात. मध्यस्थ निकाल देत नाही, बोलणं घडवून आणतो. लवाद मात्र निवाडा देतो, तो दोघांवर बंधनकारक असतो आणि त्याला आव्हान द्यायला मोजकीच कारणं चालतात.

११.०० : थकलेली बिलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, कराराची मुदत कितीही लिहिली तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यायचे. चुकलं तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हवी. नाहीतर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरतात. या कायद्याखाली नेमलेल्या परिषदेकडे अर्ज केला की आधी समेटाचा प्रयत्न, मग लवाद. निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदारानं आधी ७५ टक्के रक्कम भरायची.

हॉल खुलतो. मागून एक ज्येष्ठ मालक म्हणतात, "हे बरोबर हाय, पण नोटीस धाडली की पुढची ऑर्डर मिळंल काय ओ?"

दिवसभराचा खरा प्रश्न हाच.

१२.३० : व्यापारी न्यायालयाचा नियम पटकन उरकते. तीन लाख आणि त्यावरचा व्यापारी दावा असेल आणि तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. तिथं झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकंच बळ असतं.

२.०० : जेवणानंतर झोप येऊ नये म्हणून भांडण ठेवते. प्रसंग कल्पित, पण सगळ्यांच्या ओळखीचा : मशीनिंग झाल्यावर कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले आणि गिऱ्हाइकानं मशीनिंगच्या खर्चासह डेबिट नोट काढली. दोन्ही गटांना गुप्त चिठ्ठ्या. फाउंड्रीच्या चिठ्ठीत : बँकेची लिमिट संपलीय, या महिन्यात काहीतरी पैसे हवेतच. गिऱ्हाइकाच्या : पॅटर्न दुसरीकडं हलवला तर लाइन थांबेल.

आधी नुसता आरडाओरडा. मग मध्यस्थ झालेला अकाउंटंट दोघांना वेगवेगळं बसवतो. एकाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. तासाभरात जमतं : कास्टिंग बदलून द्यायचं, मशीनिंगचा खर्च निम्मा-निम्मा, उरलेलं बिल दोन हप्त्यांत, आणि इथून पुढं प्रत्येक लॉटमधला एक नग कापून बघितल्याशिवाय माल हलवायचा नाही. पैशांचा हुकूम न्यायालयानंही दिला असता. नग कापायची अट मात्र याच दोघांना सुचू शकते, आणि पुढची ऑर्डर तिच्यावरच टिकते.

४.०० : आता प्रत्येकानं आपलं कलम नव्यानं लिहायचं. आधी दोन्ही मालकांनी १५ दिवसांत भेटायचं. नाही जमलं तर मध्यस्थी. तरीही नाही तर दोघांच्या संमतीचा एकच लवाद, लवादाचं स्थान कोल्हापूर. "सुनावणी मराठीत चालंल?" चालेल, भाषा दोघांनी मिळून ठरवायची असते, म्हणून तीही आत्ताच लिहून टाका. गोडी आहे तोवर या गोष्टी दोन मिनिटांत ठरतात, बिनसल्यावर त्यांच्यावरच वर्ष जातं.

"मोठी कंपनी बदलू देईल?" सगळं नाही देणार. मध्यस्थीची पायरी आणि लवाद नेमण्यात तुमची संमती, एवढ्या दोन गोष्टी तरी मागा.

सायंकाळी ६.०० : आयोजकांना एकच सूचना लिहून पाठवते : पुढच्या वेळी गिऱ्हाईक कंपन्यांच्या खरेदी विभागातली माणसंही बोलवा. मागचं पान तेच छापतात.