पोटमाळ्यावरची पोती आणि कारागिराचा जीव

बेकरीतला अपघात म्हटला की भट्टी आठवते. माळ्याकडे कोणी पाहत नाही. आम्ही ज्या बेकऱ्या हिंडलो, तेथे जागा अपुरी म्हणून मैद्याची 50 किलोची पोती पोटमाळ्यावर रचलेली. वर चढायला तेलाचा डबा, पिंप, नाहीतर पावाचे क्रेट. शिडी असलीच तर तिची एक पायरी सुतळीने बांधलेली!

अशाच एका बेकरीत रमजानच्या तोंडावर एक कारागीर खांद्यावर पोते घेऊन उतरताना पडला. "दहा फूट म्हणजे काय मोठी उंची?" मालक आम्हास म्हणाले. हिशेब पाहा. 10 फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग ताशी 27 किलोमीटरच्या घरात असतो. सावरायला अवधीच नाही. या कारागिराचा कमरेचा मणका मोडला. त्यात घाबरलेल्या सोबत्यांनी काखेत हात घालून त्याला उभे केले. मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर माणसाला हलवू नये. पडला तसाच ठेवून 108 ला फोन करावा.

शिडीचे गणित सोपे आहे. चार फूट उंचीला एक फूट, म्हणजे माळा 12 फुटांवर असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून 3 फूट पुढे. वरचे टोक माळ्याच्या कडेपेक्षा 3 फूट उंच निघाले पाहिजे, नाहीतर वर पाऊल टाकताना धरायला काही राहत नाही. खालच्या फरशीवर मैदा, डालडा सांडलेला असतो. तो आधी पुसावा. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. पोते खांद्यावरून नव्हे, दोर आणि कप्पीने उतरवावे, आणि खाली कोणी उभे राहू नये. खरे तर पोती माळ्यावर हवीतच कशाला? जमिनीवर लाकडी फळ्या टाकून तेथे ठेवावीत, वर रिकामी खोकी. माळ्याच्या कडेला कमरेइतका कठडा बसवावा. भट्टीची गरम हवा छताशी साठते, तेथे रोजेदार कारागिराला दुपारी घेरी येऊ शकते. वरचे काम सकाळीच उरकावे.

छताची गोष्ट अधिक धोक्याची. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्यास सांगितले. भट्टी बदलायची म्हणजे जुने धुराडे उतरविण्यास माणूस पत्र्यावर चढणार. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाच्या भाराने एकाएकी फुटतो. आडव्या वाशांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकूनच चालावे, पूर्ण अंगाला बसणारा सुरक्षा पट्टा (हार्नेस) असावा आणि त्याचा दोर पक्क्या खांबाला बांधावा. विजेची तार जवळ असेल तेथे ॲल्युमिनियमची शिडी नेऊच नये.

"हे सारे मोठ्या कारखान्यांसाठी," असे काही बांधव म्हणतील. पडणाऱ्या माणसाला कारखाना लहान की मोठा हे कळत नाही. उंचीवरच्या कामाला कठडा किंवा तत्सम सोय हवी, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 32 व्या कलमातही होते.

तो कारागीर आता गल्ल्यावर बसतो. पोती खाली आली आहेत. मालकांनी कप्पी बसवली, पण कठड्याचे काम "ईदनंतर" म्हणाले होते. ईद होऊन गेली. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कड उघडीच होती.