झाडावर कोण चढते?

एप्रिल आला की विंचूरच्या आसपासच्या द्राक्षबागांत खरड छाटणी सुरू होते. पेठ, सुरगाणा, दिंडोरी भागातले आपले कोकणा, महादेव कोळी आणि वारली बांधव टोळ्यांनी येतात, एकरी उक्ते काम घेतात आणि बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात. ऑक्टोबरात गोडी छाटणीलाही असेच येतात. काडीवर किती डोळे ठेवायचे, कात्री नेमकी कुठे लावायची, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. योहानकृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आपण उपासनेत वाचतो. या माणसांना तो हाताने ठाऊक आहे.

मे महिन्यात याच माणसांना आणखी एक काम सांगितले जाते. घरावर, शाळेवर, चर्चच्या पत्र्यावर झुकलेला कडुलिंब किंवा चिंच पावसाआधी ‘जरा उतरवून द्या’. हातात कुऱ्हाड, कमरेला काही नाही. आमच्या माहितीतला सुरगाण्याकडचा एक तरुण असाच एका घरमालकाच्या सांगण्यावरून चढला. निम्मी तुटलेली फांदी साल सोलत खाली आली, उलटी फिरली आणि तिने त्याला खाली ओढले. तो वाचला, पण आता छाटणीच्या टोळीबरोबर येऊ शकत नाही. मजुरी आधी ठरली होती. पडला तर काय, याचे बोलणे कुणीच केले नव्हते.

झाडांची देखभाल हा पुष्कळ देशांत रीतसर शिकून करायचा धंदा आहे. तो करणाऱ्याला आर्बोरिस्ट म्हणतात. आपण वृक्षतज्ज्ञ म्हणू. अमेरिकेत 1924 साली सावलीच्या झाडांची काळजी घेणाऱ्यांची एक परिषद भरली. तिचीच पुढे आंतरराष्ट्रीय संस्था झाली आणि आज ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. मुंबईसारख्या शहरांत असे थोडे लोक आहेत. तालुक्याच्या गावी मात्र अजून कुऱ्हाडवालाच.

वृक्षतज्ज्ञ आल्या आल्या करवत काढत नाही. तो आधी झाडाभोवती फिरतो. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, दुबेळक्यात चीर आहे का, खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, मुळांकडची माती उचललेली दिसते का, हे पाहतो. कित्येकदा झाड तोडायची गरजच नसते; दोन वाळलेल्या फांद्या काढल्या की काम होते.

कापायची वेळ आली तर कुठे कापायचे, हा खरा प्रश्न. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे चिरून पाहिली. त्यांना दिसले ते असे: झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती आतून भिंती घालते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवून तो झाकून टाकते. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर गळपट्टा दिसतो. त्याच्या लगेच बाहेर कापले तर झाडाला जखम बंद करता येते. गळपट्टाच छिलला तर कूज खोडात शिरते, आणि लांब खुंट सोडला तर तो कुजत बसतो. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांनी सांगितले. आपल्याकडे ही सवय फार जुनी आहे, लोकांना पटायला वेळ लागेल.

जड फांदी तीन कापांत काढतात. खोडापासून सुमारे फूटभर अंतरावर पहिला काप खालून, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, किंचित बाहेरच्या बाजूला. फांदी पडते, पण साल सोलली जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाला, गळपट्ट्याच्या बाहेर. त्या तरुणाच्या फांदीला खालचा काप नव्हता.

वरचे सगळे छाटून झाड बोडके करणे सर्वांत वाईट. झाड उपाशी पडते आणि घाईने उभे फुटवे फेकते. ते सालीलगत चिकटलेले असतात. चार-पाच पावसाळ्यांनी तेच जड होऊन मोडतात, म्हणजे ज्या भीतीने झाड छाटले तीच पुन्हा दारात.

चढण्याची रीतही वेगळी आहे. वजन बांधलेली बारीक दोरी आधी भक्कम फांदीवरून टाकतात, तिच्यामागे जाड दोर ओढतात. कमरेला आणि मांड्यांना पट्टा, डोक्यावर हेल्मेट, करवत चालवताना दुसरा बंध. खाली एक माणूस फक्त दोराकडे लक्ष ठेवायला. जवळून वीजतार जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणी वर जात नाही.

आपल्या पाड्यांवर हे कसब अर्धे आहेच. नागली-भाताच्या राबासाठी ऐनाचा पाला उतरवणारी माणसे लहानपणापासून झाडावर चढतात. नाही तो दोर, शिकवणारा माणूस आणि विमा.

आणखी दोन गोष्टी. गावात चिंच, आंबा, जांभूळ, मोह यांसारखी झाडे मुळापासून तोडायची तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. शहरात 1975 चा कायदा आहे. दुसरी गोष्ट चर्चच्या आवाराची. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवू नयेत, कारण पाणी आणि हवा घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितले होते. लूककृत शुभवर्तमानातला माळी अंजिरासाठी एक वर्ष मागून घेतो, तेव्हा त्याचा पहिला बेतही भोवती खणण्याचाच असतो.

या उन्हाळ्यात टोळीतल्या काही तरुणांना दोराने चढायला शिकवणारा जाणकार बोलवावा, असा विचार चालू आहे. शिकवणी आपल्या आवारातल्या कडुलिंबावरच होईल. विंचूरच्या ज्या सभासदांना पावसाआधी झाड उतरवायचे आहे, त्यांनी तोवर कुणालाही वर चढवू नये. आधी पाळकसाहेबांना कळवावे.