लायकाच्या पोटातला फेड

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या बाजारात लायकाच्या नावावर जितके खोटे खपते, तितके दुसऱ्या कुठल्याच नावावर खपत नसेल. कारण उघड आहे. जून २०२२मध्ये जर्मनीतल्या वेट्झलार गावी झालेल्या लिलावात १०५ क्रमांकाचा एक लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. ऑस्कर बार्नाक यांचा तो स्वतःच्या वापरातला कॅमेरा. बार्नाक हे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीतले यंत्रज्ञ. चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा त्यांचा कॅमेरा १९२५च्या लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला आणि छायाचित्रकाराची तिकाठीपासून सुटका झाली. त्याआधी चाचणीसाठी जे वीस-पंचवीस नमुने बनवले होते, त्यांपैकी हा एक.

असा भाव ऐकला की घरातला प्रत्येक जुना कॅमेरा लायका वाटू लागतो. गेली पंचवीस वर्षे मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरतो आणि मुंबईला गेलो की बोरा बाजारात डोकावतो. या काळात माझ्यापुढे आलेल्या सोनेरी ‘लायकां’पैकी एकही लायका नव्हता. कोणावर ऑलिम्पिकची पाच वर्तुळे, कोणावर जर्मन हवाई दलाचा गरुड, कोणाला सापाचे कातडे. बर्लिन ऑलिम्पिकच्या म्हणवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांवर हटकून ‘ऑलिम्पियाडा’ असे कोरलेले आढळते. हे रशियन वळणाचे रूप आहे. जर्मन कारागीर आपल्याच राजधानीतल्या खेळांना असे म्हणाला नसता. खोटे बोलणाऱ्याची मातृभाषा अशी मध्येच डोकावते.

याचा अर्थ सोनेरी लायका कधी झालेच नाहीत असा नव्हे. १९२९ ते १९३१च्या दरम्यान कंपनीने सोन्याचा मुलामा दिलेले, सरड्याचे कातडे लावलेले ‘लक्सस’ नमुने काढले. ते शंभराच्या आतच होते. पण ते बहुतेक सगळे पहिल्या लायकाचे, म्हणजे अंतर मोजणारा रेंजफाइंडर अंगात नसलेले. तो १९३२च्या दुसऱ्या लायकात आला. बाजारातल्या नकली सोनेरी कॅमेऱ्याच्या कपाळावर मात्र रेंजफाइंडरच्या खिडक्या दिमाखात असतात.

खरी परीक्षा आतली. लेन्स आटे फिरवून काढावी आणि आत वरच्या बाजूला पाहावे. तिथे रेंजफाइंडरचा छोटा दांडा दिसतो. लेन्सची मागची कडा त्याला ढकलते आणि खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. लायकात या दांड्याच्या टोकाला फिरते गोल चाक असते. सोव्हिएत कॅमेऱ्यात चाकाऐवजी तिरप्या नाकाची चपटी पट्टी असते. नकली माल बनवणारा ही पट्टी सहसा बदलत नाही, कारण ती बदलली तर सगळे अंतर नव्याने जुळवावे लागते, आणि गिऱ्हाईक लेन्स काढून पाहणार नाही याची त्याला खात्री असते. दुसरी खूण क्रमांकाची. लाइट्झच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत; कोरलेला क्रमांक यादीत भलत्याच नमुन्याचा निघतो.

आता ही चपटी पट्टी कुठून आली ते पाहू, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

खार्किव्ह शहरात १९२७च्या अखेरीस अनाथ आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी एक श्रमवसाहत सुरू झाली. यादवी आणि दुष्काळ यांनी अशी लाखो मुले उघड्यावर आणली होती. वसाहतीचे चालक होते शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को. मुलांनी अर्धा वेळ शिकावे, अर्धा वेळ खऱ्याखुऱ्या कारखान्यात काम करावे, ही त्यांची पद्धत. आधी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे झाली. मग मुलांनी लायका सुटा करून त्याची प्रतिकृती उभी केली. १९३४पासून ती नियमित बनू लागली. नाव फेड : फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे. मराठी कानाला यात परतफेड ऐकू येते. पण हे झेर्झिन्स्की म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक, आणि सुरुवातीच्या फेडच्या माथ्यावर त्याच पोलीस खात्याचे नाव कोरलेले आहे. अनाथांचे हात आणि पोलिसांचा शिक्का, दोन्ही एका पितळी पत्र्यावर! युद्धात कारखाना हलवावा लागला. पुढे १९४८मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये त्याच आराखड्यावर ‘झोर्की’ निघाला. दोन्ही लाखोंच्या संख्येने बनले.

म्हणूनच ते स्वस्त राहिले, आणि म्हणूनच सोव्हिएत संघ मोडल्यावर त्यांच्या माथ्यावरची अक्षरे घासून तिथे ‘लाइट्झ, वेट्झलार’ कोरण्याचा धंदा फोफावला. फेड ही नक्कल खरी. पण तिने आपले नाव लपवले नव्हते. ती घासणाऱ्याने एक खरी वस्तू संपवून एक खोटी तयार केली. अशा कॅमेऱ्याला संग्राहक कौतुकाने जपतात, त्यांच्याशी माझे जमत नाही. माझ्याकडेही एक आहे, पण तो केवळ पट्टी दाखवायला.

हा धंदा दूरदेशीचाच आहे असे मात्र नाही. दोन वर्षांपूर्वी ओळखीतून एक तरुण माझ्याकडे आला. त्याचे आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तो कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, आणि तिथल्या एका रशियन इंजिनिअरने निरोप घेताना आजोबांना आपला कॅमेरा दिला होता. बहिणीच्या परदेशी शिक्षणाला पैसे कमी पडत होते. “काका, एक दुकानदार म्हणतोय, वरची अक्षरं घासून लायका करून देतो, मग चौपट येतील. करू का?”

मी लेन्स काढून त्याला ती पट्टी दाखवली. चौपट किमतीला घेणारा ही पट्टी पाहील तेव्हा तुझे नाव घेईल, दुकानदाराचे नव्हे, हे सांगितले. आहे तसा विकला तर किती येतील तेही सांगितले. त्या रकमेने त्याचे काम होणार नव्हते, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसले. मग शटरचा पडदा तपासला. कापड अजून लवचीक होते, एकही छिद्र नव्हते. केसच्या आतल्या बाजूला आजोबांनी शाईने भिलाई आणि तारीख लिहिली होती.

त्याने कॅमेरा पिशवीत ठेवता ठेवता विचारले, “वर लिहिलंय त्याचा अर्थ काय?”

“झोर्की,” मी म्हटले. “म्हणजे तीक्ष्ण नजरेचा.”