मोबाईल बिघडला? पैसे मोडण्याआधी तपासून पाहा



हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतच्या भागात, हळदीचा हंगाम सुरू झाला की काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश या कामांवर घरातील स्त्री-पुरुष दोघेही जातात. मोबाईल खिशात किंवा कमरेला असतो. घाम आणि पिवळी धूळ बटणांच्या फटीत शिरते. गेल्या हंगामात आमच्या घरच्या मोबाईलचे पॉवरचे बटण दाबता दाबेना. आता नवा घ्यावा लागणार, कित्येक दिवसांची मजुरी जाणार, अशी चिंता पडली. कव्हर काढून पाहिले तर फटीत हळदीचा थर! जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांत काम झाले.

आज मजुरी खात्यात जमा झाल्याचा निरोप, बँकेचा ओटीपी, मुलांचा अभ्यास, सारे या एका यंत्रावर आहे. म्हणून घरातील प्रत्येकाला पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

बटण अडकले तर

प्रथम कव्हर काढा. पुष्कळदा कव्हरच बटण दाबून धरते. मग मोबाईल बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने फट साफ करा. बंद होत नसेल तरी कोरडा ब्रश फिरवण्यास हरकत नाही. चिकट मळ असेल तर ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावा, बटण वीस-तीस वेळा दाबा आणि पूर्ण सुकू द्या. पाणी, रॉकेल, खोबरेल तेल मुळीच घालू नका.

बटण ‘टिक्’ वाजते, पण काम करीत नाही, तर बहुधा आतील स्विच किंवा पट्टी खराब झालेली असते. ते काम कारागिराचे. तोवर सेटिंगमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ भागात जा. तेथील मेनू सुरू केला की पुष्कळ मोबाईलवर कुलूप लावणे, आवाज कमी-जास्त करणे पडद्यावरूनच होते. मात्र बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका, कारण बटणाशिवाय मोबाईल पुन्हा सुरू करणे अवघड जाते.

पडदा फुटला तर

तडा नेमका कशाला गेला, ते आधी पाहा. वरच्या ग्लासगार्डलाच गेला असेल तर तो कोपऱ्यातून अलगद उचलून बदला. मूळ काच फुटली, पण चित्र आणि टच ठीक आहे, तर वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे मुलांच्या बोटांत काच जाणार नाही. त्याच दिवशी फोटो, कागदपत्रे आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेवा.

चार्जिंगला लावल्यावरच टच आपोआप उड्या मारतो काय? मग दुसरा चांगला चार्जर लावून पाहा. चित्र दिसते पण टच मेला, तर ओटीजी पिन लावून संगणकाचा माऊस जोडावा. ज्या मोबाईलला ही सोय आहे, त्यातील माहिती अशी वाचवता येते. पडदा काळा आहे, पण घंटी वाजते, तर मोबाईल जिवंत आहे. बिघाड बहुधा डिस्प्लेचा.

भिजलेला मोबाईल तांदळात ठेवू नये. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असा इशारा ॲपल कंपनीनेही २०२४ साली दिला. बंद करून, पुसून, हवेशीर जागी ठेवावा.

येथे हात थांबवावा

आजच्या मोबाईलचा पडदा गोंदाने चिकटवलेला असतो, तो उष्णता देऊन सोडवावा लागतो. आतमध्ये लिथियमची बॅटरी असते. तिला टोक लागले तर ती पेट घेते. पाठ फुगली किंवा पडदा आपोआप उचलला गेला, तर चार्जिंग ताबडतोब बंद करून मोबाईल मुलांपासून दूर ठेवावा.

दुकानात जाताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नये. डिस्प्ले मूळ कंपनीचा की नकली, हमी किती दिवसांची, हे आधी विचारावे. पावती आणि जुना भाग मागून घ्यावा. वॉरंटी बाकी असेल तर बाहेर उघडू देऊ नये.

दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क मानून केंद्र सरकारने २०२२ साली ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. विचारायला लाजू नका. आपला पैसा घामाचा आहे.

आणि हो, ही माहिती घरातील मुलालाच नव्हे, मुलीलाही द्या. पुढच्या वेळी ब्रश तिच्या हाती असू द्या.