सामायिक संगणक-समूहावरील निरुपयोगी पॅकेजांचे निर्मूलन

सामायिक संगणक-समूहावरील निरुपयोगी पॅकेजांचे निर्मूलन म्हणजे अनेकांनी मिळून वापरावयाच्या संगणक-समूहाच्या, अर्थात क्लस्टरच्या, साठवणीतून कोणालाही आवश्यक नसलेली सॉफ्टवेअर पॅकेजे शोधून काढून टाकण्याची प्रक्रिया होय. तिला गार्बेज कलेक्शन असेही म्हणतात.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील परम ब्रह्म हा अशा सामायिक यंत्रणेचा परिचित नमुना आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली सी-डॅकने तो २०१९ मध्ये उभारला. अशा यंत्रावर रसायनशास्त्रज्ञ, हवामान-अभ्यासक व जीवशास्त्रज्ञ एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येकाला एकाच ग्रंथालयाची वेगवेगळी आवृत्ती लागू शकते. घरच्या संगणकाप्रमाणे जुनी आवृत्ती पुसून नवी बसवणे येथे चालत नाही. आवृत्त्या शेजारी-शेजारी साठत जातात आणि जागा अपुरी पडू लागते.

== निकष ==
बरेच दिवस न वापरलेले ते टाकाऊ, हा निकष सोपा असला तरी फसवा आहे. प्रबंधाच्या दुरुस्तीसाठी एखादे पॅकेज वर्षातून एकदाच लागू शकते. शिवाय फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद सामायिक साठवणीवर अनेकदा ठेवलीच जात नाही. म्हणून निक्स आणि ग्नू गीक्स या व्यवस्थापकांत निकष पोहोचीचा असतो. वापरकर्त्यांची प्रोफाइले व त्यांच्या जतन केलेल्या पिढ्या ही ‘मुळे’ मानली जातात. मुळांपासून अवलंबनांच्या साखळीने जेथवर पोहोचता येते ते राखायचे, उरलेले काढायचे. या पद्धतीचे बीज जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प भाषेच्या स्मृतिव्यवस्थापनासाठी मांडलेल्या रीतीत आहे. एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या प्रबंधात ती पॅकेजांना लागू केलेली आढळते. स्पॅकमध्ये वापरकर्त्याने मागून बसवलेली आणि केवळ अवलंबन म्हणून आलेली पॅकेजे यांत भेद केला जातो. दुसऱ्या प्रकारातील, कोणालाही न लागणारी पॅकेजे काढली जातात.

== न दिसणारी मुळे ==
खरी अडचण यंत्राला न दिसणाऱ्या मुळांची आहे. निक्स व गीक्स चालू प्रक्रियांनी उघडलेल्या फाइलींनाही मुळे मानतात, परंतु ही पाहणी निर्मूलन जेथे चालते त्याच संगणकापुरती असते. समूहात भांडार मुख्य नोडवर असते आणि गणिते इतर नोडांवर चालतात. त्यामुळे चार दिवस चाललेल्या गणिताचे ग्रंथालय मुख्य नोडच्या दृष्टीने बेवारस ठरू शकते. एकाच संगणकावर उघडी फाइल पुसली तरी ती वाचणारी प्रक्रिया सुखरूप राहते; एनएफएसवरून वाचणाऱ्या नोडला मात्र ही हमी नसते आणि गणित मध्येच बंद पडू शकते. रांगेत थांबलेल्या कामांची तर प्रक्रियाच अस्तित्वात नसते.

स्क्रिप्टमध्ये भांडारातील पत्ता थेट लिहिला असेल, तर त्याचीही नोंद कोठे होत नाही. स्पॅकमध्ये वापरकर्ता आपली खासगी मांडणी केंद्रीय मांडणीवर आधारू शकतो, पण केंद्रीय नोंदवहीला या अवलंबित्वाचा पत्ता नसतो.

== व्यवस्थापन ==
या कारणांमुळे निर्मूलन देखभालीच्या काळात, रांग रिकामी करून व पूर्वसूचना देऊन करणे इष्ट. दीर्घकाळ लागणाऱ्या पॅकेजांसाठी वापरकर्त्याने स्पष्ट मूळ नोंदवावे. स्पॅकमध्ये तसे पॅकेज हेतुपूर्वक बसवलेले म्हणून चिन्हांकित करता येते. जुन्या पिढ्या किती काळ राखाव्यात हा मात्र सर्वस्वी धोरणाचा प्रश्न आहे. पिढ्या न काढता निर्मूलन केल्यास फारशी जागा मोकळी होत नाही, आणि त्या सरसकट काढल्यास प्रकाशित निष्कर्ष पडताळण्याचे साधनच जाते. गीक्समध्ये पॅकेज-व्याख्यांची नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवल्यास तेच पॅकेज पुढे पुन्हा घडवता येते, अर्थात त्याचा मूळ स्रोत तोवर उपलब्ध असेल तर.