न्यूनगंड: व्हिएन्नाहून लातूरला आलेला शब्द

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांमध्ये ‘पोराला न्यूनगंड आलाय’ हे वाक्य सहज ऐकू येतं. खेड्यातून आलेला मुलगा शहरातल्या मुलांपुढे गप्प बसू लागला, की पालक हाच शब्द उच्चारतात.

या कल्पनेमागे व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अॅडलर आहेत. लहानपणी त्यांना मुडदूस झाला होता. दुबळ्या अवयवाची भरपाई शरीर कशी करतं, यावर 1907 साली त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढे हाच विचार त्यांनी मनालाही लागू केला. 1911 मध्ये ते मनोविश्लेषक फ्रॉइडपासून वेगळे झाले. त्याच वर्षी हान्स फायहिंगर या तत्त्वज्ञाचा ग्रंथ आला: माणूस काही कल्पना खऱ्याच आहेत असं धरून जगतो. अॅडलरना त्यात आपलीच वाट दिसली. ‘मी कमी आहे’ हीसुद्धा अशीच धरून चाललेली कल्पना!

तरुणपणी अॅडलरसोबत काम केलेल्या तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी मात्र कठोर आक्षेप घेतला. जो सिद्धान्त प्रत्येक वागणुकीचं स्पष्टीकरण देतो, तो चुकीचा ठरूच शकत नाही; मग त्याला विज्ञान कसं म्हणायचं?

आक्षेप रास्त आहे. तरीही अॅडलरची पुस्तकं वाचावीशी वाटतात, कारण ‘मी असा का वागतो?’ हा प्रश्न ती वाचकाच्या हाती देतात. व्याख्यानांतून गंभीर विचार सामान्यांपर्यंत नेणाऱ्या नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात असं वाचन परकं वाटू नये. शिकवणीला निघालेल्या त्या मुलालाही हा प्रश्न गुणपत्रिकेइतकाच जवळचा आहे.